सक्ती हवी, पण शाळेवर

पत्राचा सारांश: गुहागर तालुक्यातल्या एका समुद्रकाठच्या गावातून एका आईने लिहिलं आहे. गावात जिल्हा परिषदेची पहिली ते आठवीची शाळा आहे आणि या ताई शाळा व्यवस्थापन समितीवर पालक-सदस्य आहेत. शाळेचे एक माजी विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतात. ते शाळेला दहा संगणक द्यायला तयार आहेत, पण सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला प्रोग्रामिंग सक्तीचं करावं, परीक्षा घ्यावी, गुण द्यावेत अशी त्यांची अट आहे. शिकवायला तालुक्याच्या गावातल्या खाजगी क्लासचा माणूस येईल आणि त्यासाठी पालकांनी दर मुलामागे महिना ३०० रुपये द्यायचे. मुख्याध्यापक राजी आहेत. काही पालकांना वाटतं, आपली मुलं निदान मुंबई-पुण्याच्या मुलांच्या बरोबरीला येतील. ताईंच्या यजमानांची होडी आहे, ते म्हणतात, "दर्यात जाळं टाकायला संगणक लागत नाही." मुलगा सातवीत आहे, गणितात कच्चा. आणखी एका विषयात नापास व्हायची वेळ आली तर तो शाळाच सोडेल, अशी ताईंना भीती वाटते. पाचवीतल्या मुलीला मात्र संगणकाची फार उत्सुकता आहे. "मला स्वतःला संगणक चालूही करता येत नाही. बैठकीत मी काय मत देणार? हो म्हणू की नको म्हणू?"

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. संगणक येत नाही म्हणून मत देता येणार नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. पण बैठकीपुढे आलेला प्रश्न संगणक चालवण्याचा नाहीच. मुलांचा वेळ कुठल्या तासातून काढायचा, पैसे कुणी भरायचे, शिकवायला कोण उभं राहणार आणि जे मूल मागे पडेल त्याला हात कोण देणार, हे ठरवायचं आहे. देणगीदारांच्या प्रस्तावात मागे पडणाऱ्या मुलाचा विचार कुठेच दिसत नाही, तुमच्या पत्रात तो आहे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात असं घालून दिलं, ते अशीच माणसं बोलावीत म्हणून.

आधी त्या ३०० रुपयांचा विषय संपवू. २००९च्या या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण मोफत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एखादी गोष्ट सर्वांना सक्तीची करायची आणि तिची फी पालकांकडून घ्यायची, हे या कायद्यात बसत नाही. शिवाय हिशेब बघा. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तुमच्या वाडीतल्या किती घरांत त्या दोन महिन्यांत किराणा उधारीवर येतो, हे देणगीदारांपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. नेमक्या त्याच दिवसांत पहिला हप्ता मागितला जाईल. हे बैठकीत स्पष्ट बोला.

गुणांचंही तसंच. अभ्यासक्रम काय असावा आणि मूल्यमापन कसं व्हावं, हे कायद्याने राज्याच्या शैक्षणिक यंत्रणेकडे दिलं आहे. गावच्या समितीने ठराव करून गुणांचा नवा विषय उभा करता येत नाही. शाळेच्या वेळेत एखादा उपक्रम जरूर चालवता येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा, म्हणजे प्रोग्रामिंगचाच, उल्लेख आहे तो उपक्रम म्हणूनच, गणिती विचाराच्या ओघात. सीबीएसईने २०२१ पासून याच वर्गांना कोडिंग आणलं तेही कौशल्याचं छोटं मॉड्यूल म्हणून. म्हणजे देणगीदारांना हवी तशी परीक्षेची सक्ती वरूनही कुणी मागितलेली नाही.

आता मुख्य प्रश्न. त्यामागची दोन गृहीतकं आधी तपासून पाहू, कारण बैठकीत ती हमखास ऐकू येतील.

पहिलं, कोडिंग शिकलं की नोकरी. बारा वर्षांचं मूल नोकरीच्या दारात उभं राहील ते आणखी दहा वर्षांनी. आज शिकवलेली भाषा तोवर वापरात असेल की नाही, हे आज कुणी सांगू शकणार नाही. लॉकडाउनच्या काळात सहा-सात वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवण्याच्या जाहिरातींनी आईवडिलांना फार घाबरवलं होतं. त्या भीतीपोटी निर्णय घेऊ नका.

दुसरं, प्रोग्रामिंगने मेंदू तल्लख होतो आणि गणित आपोआप सुधारतं. ही आशा बरीच जुनी आहे. १९६७ साली सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. पडद्यावरच्या कासवाला "इतकं पुढे जा, इतकं वळ" असं सांगायचं आणि त्यातून आकृती काढायची. कल्पना सुंदर होती, आजही आहे. पण १९८०च्या दशकात रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी लोगो शिकलेल्या मुलांना नियोजनाची वेगळी कामं देऊन पाहिली, तेव्हा ती मुलं इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. संगणकापुढे बसवलं की विचार करणं आपोआप येतं, असं होत नाही. विचार करायला शिकवावं लागतं, आणि शिकवणारा माणूस तसा असावा लागतो.

मग सक्ती नकोच का? इथे माझं मत कदाचित तुम्हाला वाटलं होतं त्याच्या उलट आहे. सक्ती हवी, पण ती मुलावर नको, शाळेवर हवी. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला प्रोग्रामिंगची खरी ओळख करून देणं हे शाळेचं बंधन असावं. त्यात पास-नापास नसावं. ज्याला गोडी लागेल त्याने पुढे जावं. ज्याला लागणार नाही त्याने निदान हात लावून पाहिलेला असावा.

"ज्याला आवडेल त्याने यावं" हा मधला मार्ग बैठकीत कुणीतरी सुचवेलच. तो ऐकायला फार समंजस वाटतो, पण मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून पाचव्या वर्षापासूनच्या मुलांच्या अभ्यासक्रमात संगणकशास्त्र आणलं. तिथे चौदाव्या वर्षानंतर हा विषय परीक्षेसाठी घ्यायचा की नाही हे मुलांवर सोडलेलं असतं, आणि तो घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण जेमतेम पाचांत एक एवढंच राहतं. आपल्याकडे "आवडेल त्याने" म्हटलं की कोण येईल ते तुम्ही डोळ्यांपुढे आणा: ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो, ज्याचा भाऊ ठाण्याला इंजिनिअरिंगला आहे तो. जिला घरी जाऊन पाणी भरायचंय, धाकट्याला सांभाळायचंय, ती येणार नाही. तुमची लेक आज पाचवीत उत्सुक आहे. आठवीपर्यंत "ते मुलांचं काम" हे तिच्या कानावर किती वेळा पडेल? तासच सगळ्यांचा असेल तर तिला कुणाला विचारावं लागणार नाही.

आता तुमच्या यजमानांबद्दल. ते म्हणतात ते खोडून काढायला जाऊ नका. पण त्यांच्या होडीवर जीपीएस असेलच, नाही तर निदान शेजारच्या होडीवर असेल. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी टिपलेलं पाण्याचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, याच्या सूचना मच्छीमारांना देते. तेव्हा दर्यात प्रोग्रामिंग पोचलं आहेच, फक्त ते लिहिणारे आपल्या गावचे नाहीत. आणि मला वाटतं, त्यांच्या बोलण्यामागे दुसरीच एक भीती असावी. दहावी-बारावीच्या निकालात आपला कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो आणि तीच मुलं गाव सोडून जातात. संगणक म्हणजे पोर हातचं जाणार, असं बापाला वाटलं तर ते चूक कसं म्हणू? म्हणूनच शाळेतलं प्रोग्रामिंग गावाशी बोलणारं असायला हवं. आणि त्यासाठी लागणारा जाणकार तुमच्या घरातच आहे.

त्यांना विचारा, आज भरती कधी. तिथी पाहून ते लगेच सांगतील, कारण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. हा नियम म्हणजे प्रोग्रामच आहे. मुलांनी तो वहीत पायरी पायरीने लिहावा: तिथी विचार, पाऊणने गुण, आलेला आकडा भरतीची वेळ म्हणून सांग, त्यात सहा मिळवून ओहोटीची वेळ सांग. मग हेच स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत, पडद्यावर ठोकळे जोडून करावं. स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली मुलांसाठी मोकळं केलं. ते फुकट आहे, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. तुमच्याकडे रेंज कशी असते हे मी सांगायला नको.

खरं शिकणं यापुढे आहे. प्रोग्रामला प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत एकेक तिथी द्यायची आणि आलेल्या वेळा फळ्यावर लिहायच्या. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, अशी रोज पंचेचाळीस मिनिटं वाढत जातात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आणि दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, पुन्हा पाऊण. म्हणजे चौदा दिवस पाऊण पाऊण तासाने सरकणारी भरती एका दिवसात दीड तास पुढे गेली. समुद्र असं करत नाही. मग चूक कुठे आहे? मुलांना शोधू द्या, शिक्षकांनी घाईने उत्तर सांगू नये. कुणीतरी पंचेचाळीसच्या जागी अठ्ठेचाळीस मिनिटं घालून बघेल: पंधरा गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे ७२० मिनिटं, बरोबर बारा तास. पौर्णिमेला बारा, दुसऱ्या दिवशी बारा अठ्ठेचाळीस. ती उडी गेली. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ बारा तास सरकून पुन्हा तिथेच येते, म्हणून. तोंडी हिशेबाला पाऊणपट सोपी, आणि होणारा फरक फार तर पाऊण तासाचा. तो अनुभवी तांडेल नजरेने सांभाळून घेतो. संगणकाला नजर नसते, त्याला सगळं सांगावं लागतं. प्रोग्रामिंग म्हणजे काय, हे मुलांना इथे जितकं कळेल तितकं कुठल्याही व्याख्येने कळणार नाही.

पुढेही अडचणी निघत राहतात आणि त्या निघाव्यात. एखाद्या तिथीचा क्षय झाला तर प्रोग्रामने काय करायचं? खाडीत आत भरती उशिरा पोचते, मग आपल्या जेट्टीची वेळ किती मिनिटं मागेपुढे धरायची? मोठ्या माणसांच्या सोबतीने जेट्टीच्या खांबावर खुणा करा, पंधरवडाभर नोंदी घ्या, आणि गावचा फरक प्रोग्राममध्ये घाला. राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत, त्या दिवसांत मुलांनी गावातल्या कारागिरांकडे, जाणकारांकडे जाऊन शिकायचं. त्यातले दोन-तीन यासाठी द्यावेत आणि शिकवायला तुमच्या यजमानांना बोलवावं.

तुमच्या मुलाबद्दल. पाऊणने गुणणं त्याला वहीत जमत नसेलही, पण बापाच्या तोंडून हा हिशेब त्याने अनेकदा ऐकला असणार. तो गणितात पुढे झेप घेईल असं मी तुम्हाला वचन देत नाही. एवढं नक्की सांगते की गुण नसतील तर त्याला भ्यायचं कारण नाही. पुढल्या वर्षी एनएमएमएसची, म्हणजे आठवीतली शिष्यवृत्तीची, परीक्षा द्यायची असेल तर तिची तयारी वेगळी करा, त्यासाठी या तासावर भरवसा ठेवू नका. आणि गणितात तो कशावर अडतो, ते वर्गशिक्षकांना या महिन्यातच विचारा. मला तर तुमच्या पत्रातला सर्वांत तातडीचा प्रश्न तोच वाटला.

वेळेचं गणितही मांडा. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षाला किमान १,००० तास अध्यापन व्हावं लागतं. आठवड्याला पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका म्हटल्या तर वर्षाचे साधारण चाळीस तास होतात. ते कुठून येणार, हे बैठकीत विचारा. सहसा चित्रकला, खेळ आणि कार्यानुभव यांच्यावरच गदा येते. ते मान्य करू नका. आठवड्याला एकच तासिका ठेवा आणि भरतीसारखं काम गणिताच्या तासाला जोडून घ्या, तेवढं या वयाला पुरतं.

शिकवणार कोण, यावर मात्र मी अडून बसेन. क्लासचा माणूस येईल, ठरलेलं पाठ करून घेईल आणि पगार चुकला की येणं बंद करेल. इंग्लंडसारख्या देशातही रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने २०१७ साली पाहणी केली तेव्हा हा विषय ठिकठिकाणी तुकड्यातुकड्यांत आणि तकलादू अवस्थेत चाललेला आढळला, आणि पुरेशी तयारी नसलेले शिक्षक हे त्याचं मोठं कारण होतं. तुमच्याच शाळेतले एक गुरुजी किंवा बाई तयार व्हायला हव्यात, भले त्यांना मुलांच्या फक्त दोन पावलं पुढचं येत असो. देणगीदारांना नेमकं हेच मागा. दहाऐवजी सहा संगणक द्या, उरलेल्या पैशांत इन्व्हर्टर, तीन वर्षांची दुरुस्ती आणि वाढीव वीजबिल भागवा, आणि दर शनिवारी तासभर फोनवरून आमच्या शिक्षकांना स्वतः शिकवा. त्यांना शाळेची ओढ आहे हे उघड आहे, म्हणून ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. अटीवरून मोडता घातला तर मात्र संगणक नाही मिळाले तरी चालेल.

कारण सुरुवातीला संगणक लागतही नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे खेळ तयार केले आहेत, ते जगभर वापरले जातात. सात नारळ आणि एक तागडी घ्या. वजनं वापरायची नाहीत, एका वेळी दोनच नारळ तोलायचे, आणि सगळे हलक्यापासून जडापर्यंत रांगेत लावायचे. कमीत कमी वेळा तोलून कोण लावतो? लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली बेब्रास नावाची स्पर्धा अशाच कोड्यांची असते, ती आता भारतातही होते. पावसाळ्यात वीज गेली तरी हा तास बुडत नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे शाळांची छपरं उडाली आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आपल्या किनाऱ्यावर विजेवरच उभा असलेला उपक्रम फार टिकत नाही.

संगणक आलेच तर ते भिंतीपासून लांब, उंच टेबलावर ठेवा आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू करा. खारी दमट हवा बंद यंत्र लवकर खाते. एका संगणकावर दोन मुलं बसवा आणि दर दहा मिनिटांनी माउस दुसऱ्याच्या हातात जाईल असा नियम करा. नाहीतर मुली शेजारी बसून नुसत्या बघत राहतात. हे मी फार वर्गांत पाहिलं आहे.

कुणी विचारेल, आता एआयच प्रोग्राम लिहून देतं, मग शिकायचं कशाला? एआयने पाऊणपटीचा प्रोग्राम दिला असता तर पौर्णिमेची ती उडी कुणाच्या लक्षात आली असती, एवढंच त्याला विचारा.

बैठकीसाठी ठरावाचा मसुदा देते, तुमच्या शब्दांत बदलून घ्या. "सहावी ते आठवीच्या सर्व मुलामुलींसाठी आठवड्यातून एक तासिका संगणकीय विचार व प्रोग्रामिंगचा उपक्रम शाळा चालवील. त्यासाठी पालकांकडून कोणतीही रक्कम घेतली जाणार नाही. परीक्षा व गुण असणार नाहीत. चित्रकला, खेळ व कार्यानुभवाच्या तासिका कमी केल्या जाणार नाहीत. शाळेतील एक शिक्षक जबाबदारी घेतील. सहा महिन्यांनी समिती मुलांशी बोलून आढावा घेईल." मुलांशी बोलून, हे शब्द गाळू देऊ नका.

बैठकीआधी मुख्याध्यापकांना एकटं भेटून हा मसुदा दाखवा, म्हणजे सगळ्यांसमोर त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. दुसऱ्या एखाद्या आईलाही सोबत घ्या. दोघी बोलल्या की इतर बायकाही बोलतात. ठराव इतिवृत्तात आला की त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. आणि पहिल्या पंधरवड्यात भरतीचा हिशेब किती मिनिटांनी चुकला, ते मला कळवा.